सर, तुमचं मत काय?

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर एक अख्खं प्रकरण आहे. राष्ट्रीय पक्ष, प्रादेशिक पक्ष, कुणाची स्थापना कधी, कुणाचं धोरण काय. हे प्रकरण सुरू झालं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही कुणाला मत देता?" वर्ग हसतो. सरही हसतात, "मतदान गुप्त असतं" म्हणतात आणि फळ्याकडे वळतात.

कायद्याने हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण विचारणाऱ्या पोराला सरांनी कुठलं बटण दाबलं यात फारसा रस नसतो. त्याला बघायचं असतं, की समोरचा हा मोठा माणूस या सगळ्याचा खरंच विचार करतो, की आपल्यासारखाच परीक्षेपुरतं वाचतो.

निवडणुकीच्या दिवशी हेच सर कुठल्यातरी खेड्यातल्या केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून बसलेले असतात. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देण्यावर बंदी घातली, पण त्यातून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळल्या. म्हणजे आपली निवडणूक पार पाडायला मास्तर चालतो. त्याने वर्गात तिच्याबद्दल काय बोलावं, हे मात्र आपण कधी नीट ठरवलेलं नाही.

गणिताच्या सरांपुढे हा पेच नसतो. त्यांची विचारसरणी कुठलीही असो, कर्णाची लांबी तेवढीच येते. इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्यांची मात्र सुटका नाही. धडा स्त्रीशिक्षणावर असतो, उतारा प्रामाणिकपणावर असतो, प्रकरण चळवळींवर असतं. माणसांबद्दल बोलल्याशिवाय हे विषय शिकवताच येत नाहीत, आणि माणसांबद्दल बोलायचं म्हणजे कुठेतरी उभं राहूनच बोलावं लागतं. मग हायस्कूलच्या शिक्षकाने आपलं मत वर्गात सांगावं का?

आधी इंग्रजीच्या तासाकडे बघू, कारण तिथे मत नावाच्या गोष्टीचं काय होतं ते फार स्वच्छ दिसतं. दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली 'पर्सनल रिस्पॉन्स'चा प्रश्न येतो. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय केलं असतं, अशा धर्तीचा. दोन गुण. मराठी माध्यमातल्या मुलाला जे वाटतं ते मराठीत वाटतं, आणि लिहायचं असतं इंग्रजीत. त्यामुळे तो गाईड उघडतो. गाईडमध्ये त्याचा वैयक्तिक प्रतिसाद छापून तयार असतो. वर्गातल्या साठ मुलांचा वैयक्तिक प्रतिसाद एकच निघतो, आणि साठही जणांना दोनपैकी दोन मिळतात.

आमच्या वर्गात एकदा हा क्रम मोडला होता. उतारा शिकण्यासाठी धडपडणाऱ्या एका मुलीबद्दल होता. सरांनी विचारलं, दहावीनंतर तुम्ही काय करणार? एक मुलगी उभी राहिली. तिने गाईड पाठ केलं नव्हतं. ती म्हणाली, "आय नॉट लर्न आफ्टर टेन्थ. माय फादर से मॅरेज." सर म्हणाले, "आय विल नॉट लर्न. माय फादर सेज." तिने दोन्ही वाक्यं दुरुस्त करून पुन्हा म्हटली. सर म्हणाले, "गुड. नेक्स्ट."

सर वाईट नव्हते. आम्हाला काळ समजावेत म्हणून ते शाळा सुटल्यावर फुकट थांबायचे. त्यांच्या दृष्टीने त्यांनी त्या दिवशी आपलं काम केलं होतं. वाक्यात 'एस' राहिला होता, तो त्यांनी लावून दिला. तिच्या घरात त्यांनी नाक खुपसलं नाही, स्वतःचं मत तिच्यावर लादलं नाही. निःपक्ष राहणं म्हणजे हेच, असं कुणी म्हणालं तर ते पहिल्या झटक्यात खोडता येत नाही. तरीही काहीतरी भयंकर चुकलं होतं. ते काय, हे नेमक्या शब्दांत सांगता यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

त्याआधी समोरच्या बाजूचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीने ऐकून घ्यायला हवं. शिक्षकाने मत सांगू नये, असं म्हणणारे सगळे काही भित्रे किंवा संस्थाचालकांचे हस्तक नसतात. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१७ साली म्युनिकच्या व्याख्यानात हीच बाजू मांडली होती. त्याचा मुद्दा साधा होता. सभेत पुढारी बोलतो तेव्हा समोरचा माणूस उठून त्याला आव्हान देऊ शकतो, निघून जाऊ शकतो. वर्गात विद्यार्थ्याला बसून राहावंच लागतं आणि परीक्षाही त्याच माणसाकडे द्यावी लागते. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यापुढे आपली राजकीय मतं मांडणं, हा त्या खुर्चीचा गैरवापर आहे. वेबर विद्यापीठाबद्दल बोलत होता. हायस्कूलमधली मुलं चौदा-पंधराची असतात. त्यांच्या बाबतीत हा मुद्दा दुप्पट लागू पडतो.

या वयाच्या मुलांना ओढून नेणं किती सोपं असतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टोच्या क्यूबरली हायस्कूलमध्ये रॉन जोन्स नावाचे तरुण शिक्षक इतिहास शिकवत होते. नाझी जर्मनीचा भाग चालू होता. साध्या जर्मन माणसांनी हे सगळं होऊच कसं दिलं, हे मुलांना पटेना. जोन्सनी समजावून सांगण्याऐवजी वर्गात एक 'चळवळ' सुरू केली. ताठ बसायचं, ठरावीक पद्धतीने उत्तर द्यायचं, विशिष्ट सलाम ठोकायचा, सदस्यत्वाची कार्डं बाळगायची. त्यांनी पुढे स्वतः लिहिलेल्या हकिकतीनुसार काही दिवसांतच इतर वर्गांतली मुलंही सामील झाली आणि कोण नियम मोडतंय याच्या चहाड्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. आठवड्याच्या आत त्यांना एक सभा बोलावून हे सगळं थांबवावं लागलं. तिथे त्यांनी मुलांना सांगितलं, की जर्मनीत काय झालं ते तुम्ही आत्ता करून दाखवलंत.

जोन्सनी मुलांना कुठलंही मत पटवून दिलं नव्हतं. मुलं ओढली गेली ती शिस्तीमुळे, आपण एका गटात आहोत या सुखामुळे, आणि सर खूश आहेत म्हणून. शिक्षकाच्या हातातली ताकद म्हणजे ही. तो गप्प बसला तरी ती कमी होत नाही, आणि त्याने मत सांगितलं तर ती त्या मताच्या मागे जाऊन उभी राहते.

या ताकदीचं काय करायचं, याचा विचार सगळ्यात गंभीरपणे बहुधा जर्मनांनी केला. त्यांना तो करावाच लागला. १९७६ साली बॉइटेल्सबाख नावाच्या छोट्या गावात राजकीय शिक्षणातले वेगवेगळ्या विचारांचे लोक एकत्र बसले. त्या चर्चेतून तीन तत्त्वं निघाली आणि पुढे तिथल्या नागरिकशास्त्राच्या शिक्षणाचा पाया झाली. एक, विद्यार्थ्याला दडपून टाकून आपलं मत त्याच्या गळी उतरवायचं नाही. दोन, जे समाजात वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच समोर आलं पाहिजे. तीन, विद्यार्थ्याला स्वतःचे हितसंबंध ओळखून राजकीय परिस्थितीचा विचार करता आला पाहिजे. यात शिक्षकाने गप्प बसावं, असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त त्याने आपल्या मताला एकमेव मत म्हणून उभं करायचं नाही.

अमेरिकेत डायना हेस या अभ्यासक याच अंगाने आणखी एक भेद करतात. काही प्रश्न उघडे असतात आणि काही मिटलेले. उघड्या प्रश्नावर सगळ्या बाजू मांडायच्या. मिटलेल्या प्रश्नावर दोन बाजू असल्याचं नाटक करायचं नाही. पृथ्वी गोल की सपाट यावर वर्गात वादविवाद ठेवणं हा निःपक्षपातीपणा होत नाही, तो मूर्खपणा होतो.

ऐकायला हे छान आहे. पण मिटलेलं काय आणि उघडं काय, हे कोण ठरवणार?

इथे आपल्याला पुण्यात यावं लागतं. १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. थोड्याच काळात आगरकर येऊन मिळाले. आज कुठल्याही संस्थेच्या सचिवाला घाम फुटेल अशी ती शाळा होती. तिथले मास्तर वर्तमानपत्र चालवत होते. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. मास्तरांचं मत काय, हे विचारायची मुलांना गरजच नव्हती. ते छापून येत होतं. शिवाय ते एक नव्हतं. सामाजिक सुधारणांवरून दोघांचं जमेना. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढलं. १८९० मध्ये टिळकांनी संस्थाच सोडली.

आता हेस यांचा नियम त्या काळाला लावून बघा. मुलीचं लग्न लहानपणी व्हावं, विधवेने केशवपन करावं, हे १८८० च्या पुण्यात मिटलेले प्रश्न होते. अगदी घट्ट मिटलेले. आगरकर जे करत होते ते नेमकं त्यांना उघडणं होतं, आणि त्यासाठी लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. म्हणजे 'समाजात एकमत आहे ते मिटलेलं' अशी व्याख्या धरली, तर आगरकर वाईट शिक्षक ठरतात. उलट, आज मिटलेली वाटणारी एखादी गोष्ट उद्या कुणी गर्दी जमवून उघडी केली, तर शिक्षकाने तिच्याही दोन बाजू मांडायच्या का?

मला वाटतं, एकमताची कसोटी इथे सोडून द्यावी. त्याऐवजी असं विचारावं: वर्गातल्या प्रत्येक मुलाला या चर्चेत बरोबरीने बसता यावं, यासाठी काय खरं असलं पाहिजे? तेवढं मिटलेलं. बाकी सगळं उघडं. कुठलंही मूल जातीने, धर्माने किंवा मुलगी आहे म्हणून कमी प्रतीचं नाही, हे विधान चर्चेचा विषय होऊ शकत नाही. ते खरं मानल्याशिवाय चर्चा सुरूच होत नाही, कारण काही मुलांना आधीच चर्चेतून उठवलेलं असतं. या कसोटीवर आगरकर पास होतात. ज्या बायकांच्या आयुष्याबद्दल वाद चालला होता त्या वादात बसलेल्याच नव्हत्या, आणि त्यांना तिथे जागा असावी यासाठी ते भांडत होते. आपल्या संविधानाने अस्पृश्यता कलम १७ ने नष्ट केली. तीही माझ्या मते याच जातीची गोष्ट आहे. ती बहुमताची आवड म्हणून तिथे आलेली नाही. एकत्र बसण्याची ती पहिली अट आहे.

आणि याच कसोटीवर आमच्या इंग्रजीच्या तासाला काय चुकलं ते सांगता येतं. त्या मुलीने एखाद्या वादाच्या प्रश्नावर मत दिलं नव्हतं. तिला वर्गातूनच उठवलं जाणार होतं, आणि ते ती सांगत होती. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट तर आहेच. पण कायदा नसता तरी त्या क्षणी शिक्षकाला दोन बाजूंच्या मधोमध उभं राहायला जागा नव्हती. व्याकरण दुरुस्त करून पुढे जाणं म्हणजे त्यातली एक बाजू घेणंच होतं.

हे झालं सरळ प्रकरण. गुंतागुंतीचं प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या वाट्याला आलं. ताई एका तालुक्याच्या गावात अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला इतिहास आणि इंग्रजी शिकवते. शिक्षण सेवक आहे. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकसाठी ते महिन्याला १८,००० रुपये आहे आणि २०२३ पूर्वी तर ८,००० होतं. तीन वर्षांनी कायम व्हायचं असेल तर संस्थेची मर्जी सांभाळावी लागते.

चळवळींचं प्रकरण चालू असताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, आरक्षण बरोबर की चूक?" ताई सांगते, प्रश्न संपायच्या आत वर्गातल्या कितीतरी माना ठरावीक दोन बाकांकडे वळल्या. त्या बाकांवरची मुलं वहीत बघायला लागली.

"दोन्ही बाजू आहेत, तुम्ही विचार करा" असं म्हणून ती सुटू शकली असती. तिने फळ्यावर २६ जुलै १९०२ ही तारीख लिहिली आणि शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो का, हे सांगितलं. मग ती म्हणाली, या वर्गात कुणी कुणाच्या मेहेरबानीवर बसलेलं नाही, यावर आपण चर्चा करणार नाही. आरक्षण कसं असावं, निकष कोणते, किती काळ, आर्थिक निकषाचं काय, यावर करू. तास संपेपर्यंत चर्चा झाली. ज्याच्या भावाची मेडिकलची सीट गेली होती तोही बोलला आणि त्या दोन बाकांवरची एक मुलगीही बोलली. शेवटी मुलांनी विचारलंच, "पण मॅडम, तुमचं मत?" तिने सांगितलं, की ती आरक्षणाच्या बाजूने आहे, आणि का आहे. पुढे म्हणाली, घटक चाचणीत यावर प्रश्न असेल. माझ्या विरोधात कारणं देऊन लिहिलंत तरी पूर्ण मार्क मिळतील.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलाने विरोधात लिहिलं. मुद्देसूद लिहिलं. ताईने चारपैकी चार दिले.

तरी आठवड्याभरात एक पालक संस्थेच्या सचिवांना घेऊन आले. मॅडम वर्गात राजकारण करतात, अशी तक्रार. ताईने तो चारपैकी चारचा पेपर टेबलावर ठेवला. तो कुणी उघडून बघितला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं शिकवा."

या वाक्याची गंमत दहावीचं पुस्तक उघडल्यावर कळते. इतिहासाचं पहिलंच प्रकरण इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. त्यात देकार्त आहे, व्हॉल्टेअर आहे, हेगेल, रांके, मार्क्स आहेत, स्त्रीवादी इतिहासलेखन आहे आणि मिशेल फुकोसुद्धा आहे. लिहिलेल्या गोष्टीवर शंका घ्या, कोण लिहितंय ते बघा, कुणाचा आवाज त्यात आलेला नाही ते शोधा, अशा माणसांची ही यादी आहे. पुस्तकात आहे तेवढं खरोखर शिकवलं तर संस्थाचालकांची झोप उडेल. म्हणून आपण त्याचे जोड्या लावा आणि रिकाम्या जागा करतो. फुको कोण, तर एका ग्रंथाचा कर्ता. एक गुण.

ताईने मत सांगायला हवं होतं का? मी यावर बराच विचार केला आहे. माझं उत्तर हो असं आहे, आणि त्याचं कारण तिने ज्या क्रमाने ते सांगितलं त्यात आहे. आधी माहिती, मग सगळ्यांचं बोलणं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं मत. तेसुद्धा मुलांनी विचारल्यावर, आणि त्याला विरोध करण्याची किंमत शून्यावर आणून.

मी ज्या धंद्यात आहे तिथे हे रोज दिसतं. कोड रिव्ह्यूमध्ये सीनियर इंजिनियरचं मत जड असतंच, आणि ते असावंही. पण ते कमेंटमध्ये लेखी असतं, कारणासकट असतं, सगळ्या टीमला दिसतं, आणि कालच रुजू झालेली मुलगीही त्याखाली "मला पटत नाही, कारण…" असं लिहू शकते. जिथे हे चालतं तिथे सीनियरच्या मताचा सगळ्यांना फायदा होतो. जिथे असं लिहिणाऱ्याचं अप्रेझल घसरतं तिथे कॉलवर मॅनेजर "एनी कन्सर्न्स?" विचारतो आणि पंधरा जण म्यूटवर बसून राहतात. पंधराही जण हुशार असतात. उलट बोलून सुखरूप राहता येतं, हे त्यांनी कुठल्याही वर्गात पाहिलेलं नसतं.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. विरोधाची किंमत कधीच पूर्ण शून्य होत नाही. मार्क कापले नाहीत तरी मॅडमची नजर असते, वर्गाचं हसणं असतं, छोट्या गावात तर बापाचं दुकान आणि काकाची उधारीही असते. चौदा वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. म्हणून शिक्षकाने मत देताना हात आखडता घ्यावा, हे मला मान्य आहे. निवडणुकीत कुणाला मत दिलं हे तर त्याने सांगूच नये. तिथे कारणांपेक्षा निष्ठा जास्त बोलतात. पण गप्प बसण्याचीही किंमत असते आणि ती वर्गात सारखी वाटली जात नाही. ताई गप्प बसली असती तर तिची किंमत त्या दोन बाकांनी दिली असती. माना वळलेल्या त्यांनी बघितल्या होत्या. त्यानंतर "दोन्ही बाजू आहेत" या वाक्याचा त्यांना एकच अर्थ लागला असता.

म्हणून मला वाटतं, शिक्षकाने मत सांगावं का, हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाला धरलाय. वर्गात न पटणारं मत मांडणाऱ्या मुलाला त्यासाठी काय मोजावं लागतं, हे आधी विचारायला हवं. त्या मुलाला सांभाळून घेणाऱ्या शिक्षकाने मत सांगितलं, तर मुलांना एक मोठा माणूस कारणं देऊन विचार कसा करतो ते बघायला मिळतं. जो त्याला सांभाळून घेत नाही, तो तोंडाला कुलूप लावून बसला तरी त्याचं मत मुलांना पाठ असतं.

ताईचं तिसरं वर्ष येत्या जूनमध्ये सुरू होईल. त्या तासानंतर ती पुस्तकाबाहेर फारसं बोलत नाही. मी तिला यासाठी दोष देत नाही. १८,००० रुपयांच्या मानधनावर कुणाकडून आगरकरांची अपेक्षा करणं आपल्याला शोभत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी काही जण धाकट्या भावंडांच्या पालकसभेला जात असतील, आणखी काही वर्षांनी स्वतःच्या मुलांच्या सभेला जातील. तिथे कुणीतरी उठून म्हणेल, की अमुक मॅडम वर्गात मतं मांडतात. तेव्हा एवढंच विचारा, की त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्या मुलाला किती मार्क मिळाले. आणि पेपर टेबलावर असेल तर तो उघडून बघा.